ओहायओचे दोन तीर : सिनसिनाटी शहराचे दर्शन

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एखादे शहर पाहावयाचे म्हटले की, प्रवाशाचे पाऊल सहसा शिकागोकडे वळते. त्या महानगराच्या आग्नेयेस, ओहायओ नदीच्या उत्तर तीरावर, टेकड्यांच्या कुशीत सिनसिनाटी हे शहर वसले आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक माणसाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न केवळ एका नदीच्या रुंदीवर कसा येऊन ठेपला होता, हे जेथे प्रत्यक्ष उभे राहून समजते, असे हे स्थळ आहे.

येथील वसाहत १७८८ साली झाली आणि १७९० मध्ये तिला सिनसिनाटी हे नाव मिळाले. संकटकाळी नांगर सोडून रोमच्या रक्षणास धावलेल्या आणि काम संपताच पुन्हा नांगराकडे परतलेल्या सिनसिनाटस या रोमन पुरुषाची स्मृती त्या नावात आहे. त्याआधीच, १७८७ च्या कायद्याने, ओहायओच्या उत्तरेकडील प्रदेशात गुलामगिरीस मनाई करण्यात आली होती. दक्षिण तीरावरील केंटकीत मात्र माणसांची खरेदी-विक्री राजरोस चाले. एकाच नदीचे पाणी दोन्ही तीर भिजवीत होते. परंतु एका तीरावर माणूस ही मालमत्ता होती, दुसऱ्यावर नव्हती.

शहर पाहण्यास प्रारंभ करावा तो नदीवरील झुलत्या पुलापासून. जॉन रोबलिंग या स्थापत्यविशारदाने बांधलेला हा पूल १८६६ च्या अखेरीस खुला झाला. त्याचा मधला गाळा १,०५७ फुटांचा असून त्या वेळी तो जगात सर्वांत लांब होता. न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध ब्रुकलिन पुलाचा आराखडाही रोबलिंग यांचाच. तो पूल १८८३ मध्ये पुरा झाला. सिनसिनाटीचा पूल पायी ओलांडून केंटकीतील कव्हिंग्टन गावी जाण्यास काही मिनिटे पुरतात. पूल नव्हता तेव्हा हेच अंतर तोडण्यासाठी पळालेले गुलाम जीव पणाला लावीत.

पुलाजवळच उत्तर तीरावर २००४ साली उघडलेले एक मोठे संग्रहालय आहे. ‘भुयारी रेल्वे’ या नावाने ओळखल्या गेलेल्या चळवळीचे ते स्मारक होय. या रेल्वेस ना रूळ होते, ना भुयार. पळालेल्या गुलामांना रात्रीच्या रात्री एका घरातून दुसऱ्या घरी पोचवीत उत्तरेकडे नेणाऱ्या माणसांची ती साखळी होती. १८४७ साली या शहरात येऊन राहिलेला लेव्ही कॉफिन हा क्वेकर व्यापारी त्यांतील एक प्रमुख. संग्रहालयात ओंडक्यांची एक दुमजली कोठी उभी आहे. दक्षिणेतील बाजारात पाठविण्यापूर्वी केंटकीतील व्यापारी माणसांना तीत कोंडून ठेवीत. ती कोठी तेथून उचलून येथे पुन्हा उभारली आहे.

तथापि उत्तर तीर म्हणजे अभयारण्य होते, असे समजणे चूक ठरेल. शहराचा व्यापार दक्षिणेशी बांधलेला होता. १८३६ साली जमावाने जेम्स बर्नी यांच्या गुलामगिरीविरोधी पत्राचा छापखाना मोडून नदीत फेकला. १८५० च्या कायद्याने तर पळालेल्या गुलामास उत्तरेतही पकडून परत नेण्याची मुभा दिली. १८५६ च्या जानेवारीत मार्गारेट गार्नर ही स्त्री गोठलेल्या नदीवरून मुलांसह सिनसिनाटीस आली. पकडणारे दारात आले तेव्हा, पोर पुन्हा दास्यात जाऊ नये म्हणून तिने आपल्या चिमुरड्या मुलीचा आपल्या हातांनी अंत केला. तिला परत नेण्यात आले. टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ या १९८७ च्या कादंबरीस याच घटनेतून बीज मिळाले. ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो याही १८३२ पासून १८५० पर्यंत याच शहरात होत्या. त्यांचे कुटुंब राहत असे, ते वॉलनट हिल्समधील घर आज जतन केलेले आहे.

शहराची भाकरी मात्र निराळ्याच उद्योगावर भाजली जात होती. एकोणिसाव्या शतकात येथे डुकरांच्या मांसाचा धंदा इतका वाढला की, लोक शहरास थट्टेने ‘वराहनगरी’ म्हणू लागले. उरलेल्या चरबीतून मेणबत्त्या व साबण होऊ लागले. त्यातूनच १८३७ साली एक मेणबत्तीवाला आणि एक साबणवाला यांनी भागी केली. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी ती हीच.

जर्मन वसाहतकारांनी कालव्यापलीकडील आपल्या वस्तीस ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’, म्हणजे ऱ्हाइनपलीकडे, असे नाव दिले. पुढे कालवा आटवून त्याच्या पात्रात भुयारी रेल्वे, आणि ही खरीखुरी, बांधावयास घेतली. पण १९२० च्या दशकात काम थांबले आणि तेथून एकही गाडी कधी धावली नाही. त्याच वस्तीत १८५५ पासून भरणारा फिंडले बाजार अजून गजबजलेला असतो. तेथे ‘गेटा’ मिळतो. मांसात भरड ओट शिजवून त्याची वडी थापावयाची आणि काप तव्यावर खरपूस परतावयाचे. थोडे मांस पुष्कळ तोंडांस पुरविण्याची ही गरीब गृहिणीची युक्ती. दुसरा पदार्थ ‘चिली’. मॅसिडोनियाहून आलेल्या किराजेफ बंधूंनी १९२२ साली तो येथे रूढ केला. दालचिनी-लवंगेचा वास असलेला हा खिम्याचा रस्सा शेवयांसारख्या स्पॅगेटीवर ओतून वर किसलेल्या चीजचा डोंगर रचतात.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी निःस्वार्थ बुद्धीने झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केले. ते लोक कोण, हे सिनसिनाटीत कळते. ते सारे शहर नव्हते, बहुसंख्यही नव्हते. छापखाना नदीत बुडविणारे त्यांचेच शेजारी होते. अशा शेजाऱ्यांच्या देखत ज्यांनी रात्री अनोळखी माणसासाठी दार उघडले, आणि त्यांच्याहून अधिक म्हणजे ज्यांनी स्वतःच्या पायांनी ती नदी ओलांडली, त्यांच्यामुळे उत्तर तीरास स्वतंत्र म्हणण्यास काही अर्थ आला. कायद्याने रेघ आखली होती; ती खरी करण्याचे काम माणसांनाच करावे लागले.