नायिका आणावी कोठून?



दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावातल्या एका हौशी मंडळाने 'संशयकल्लोळ'चा प्रयोग लावला होता आणि मी माझ्या नातीला घेऊन तो पाहावयास गेलो होतो. फाल्गुनरावांच्या डोक्यातून एकेक संशय निघत होता आणि पोरीची हसून हसून पुरेवाट होत होती. मी मनात म्हटले, चला, आपली आवड एक पिढी पुढे सरकली. मध्यंतरात चहा घेता घेता तिने मला विचारले, "आजोबा, या रेवतीचे वडील कुठे आहेत?"

मी सवयीने सांगून टाकले, "अगं, नाटकात त्यांचे काम नाही." त्यावर ती म्हणाली, "पंचांगातले सगळे महिने आणि नक्षत्रे आली, मग एक बापच कसा आला नाही?"

खरे सांगतो, हे नाटक मी निदान दहा वेळा पाहिले असेल. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आज आपल्यापुढे जे बोलणार आहे, ते त्या पोरीला चहाच्या टपरीवर देता न आलेले उत्तर आहे.

जुन्या प्रेमविवाहाच्या विनोदी नाटकांविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, जुने ते सोने. त्यात खोट काढणारा अरसिक. दुसरा म्हणतो, ज्या नाटकांत नवऱ्याला अनेक बायका चालतात आणि बायकोवर पाळत ठेवणे ही गंमत ठरते, ती आज कशाला पाहावयाची? या दोन्ही पक्षांना मला एक विनंती करावयाची आहे. नाटककारापुढची अडचण आधी समजून घ्या. प्रेमविवाहाच्या सुखान्त नाटकाला एक वस्तू अवश्य लागते. वयात आलेली, अविवाहित, 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकणारी मुलगी त्याला लागते. ती नसेल तर पुढचे रुसवे, गैरसमज, वेषांतर, सगळेच खुंटले. आणि १८८० च्या सुमारास आपल्या पांढरपेशा घरांत नेमकी तीच नव्हती.

दूरचे उदाहरण कशाला? वसंतात व्याख्याने करण्याची ही आपली प्रथा पुण्यात १८७५ साली सुरू झाली ती न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८७३ मध्ये, त्यांची पहिली पत्नी वारली. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, वय एकतीस. वडिलांनी आग्रह धरला आणि अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न लागले. रमाबाई पुढे केवढ्या झाल्या, पुण्याचे सेवासदन त्यांनी कसे उभे केले, हे आपण जाणताच. पण लग्नाच्या वेळी रमाबाईंना कोणी विचारले नाही, आणि एवढ्या विद्वान रानड्यांनाही स्वतःच्या मनासारखे करता आले नाही. अशा समाजात नाटककाराने प्रेमविवाहाची नायिका आणावी कोठून?

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ती पुराणातून आणली. 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. सुभद्रेचे मन अर्जुनावर, आणि बलरामदादांनी तिला दुर्योधनाला द्यावयाचे ठरवलेले. श्रीकृष्ण वरकरणी दादांच्या हो ला हो करतो आणि आतून सूत्रे हलवतो. अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो आणि भोळे बलरामदादा, यतिमहाराजांची सेवा करावयास, आपल्याच बहिणीला त्याच्याकडे नेऊन पोहोचवतात! या प्रसंगाला आज हसू येते, तसेच ते पहिल्या प्रयोगालाही आले असेल. वडीलधाऱ्याचा मान कोणी मोडत नाही, फक्त त्याच्याच हातून त्याचा बेत मोडतो. घरोघर असे एक बलरामदादा होते, म्हणून ही मौज प्रत्येकाला आपल्या घरची वाटली.

आता त्यातली खटकणारी बाजू. अर्जुनाला आधीच द्रौपदी आहे, आणि सुभद्रेसकट त्याचे काही कोणाला वाटत नाही. तेव्हाच्या प्रेक्षकालाही वाटले नाही, कारण पुरुषाने दुसरी बायको करणे कायद्याने मोकळे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही मनाजोगता वर मागणारी सुभद्रा रंगमंचावर उभी केली ती भाऊराव कोल्हटकरांनी. गळा दैवी, पण माणूस पुरुष. म्हणजे नको असलेल्या स्थळाला 'नाही' म्हणणारी मुलगी त्या काळच्या प्रेक्षकाला दिसली ती दुहेरी पडद्याआडून. कथा द्वापरयुगातली, आणि लुगड्यात पुरुष.

पडदा नसला म्हणजे काय होते, तेही लगेच दिसले. 'सौभद्र'नंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, मुंबईच्या हायकोर्टात दादाजी भिकाजी यांनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. पत्नी रखमाबाई. लग्नाच्या वेळी वय अकरा. त्यांचे म्हणणे एवढेच, की हे लग्न मला कळत नसताना लागले, ते मला मान्य नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये त्यांना सांगण्यात आले, नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. या सबंध प्रकरणात 'केसरी' त्यांच्या विरुद्ध बाजूला होता, आणि तशाच मताचे सुशिक्षित लोक गावोगाव होते. त्यांतले कित्येक 'सौभद्रा'ला टाळ्या देऊन आलेले असतील. सुभद्रेची आवडनिवड त्यांना गोड वाटत होती, रखमाबाईंची धर्मावरचे संकट वाटत होती. त्या टाळ्यांना मी ढोंग म्हणणार नाही. जे घरात बोलता येत नाही ते माणूस थिएटरात ऐकावयास जातो.

आता माझ्या नातीच्या प्रश्नाकडे येतो. 'संशयकल्लोळ'ची कुळकथा मोठी लांबची आहे. फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६६० साली स्गानारेल नावाच्या संशयी नवऱ्यावर एक छोटे प्रहसन लिहिले. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली 'ऑल इन द राँग' हे इंग्रजी नाटक रचले. त्याच्या आधारे गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते संगीत करून आणले, तेच आपले 'संशयकल्लोळ'. रेवती बालगंधर्वांची आणि फाल्गुनराव गणपतराव बोडसांचा. देवल त्याच वर्षी वारले.

घोटाळा तिन्ही नाटकांत एकच. तरुणीला घेरी येते आणि दुसऱ्याच एका बाईचा नवरा तिला सावरतो. ते त्याची बायको पाहते आणि संशयाने पेटते. तरुणीच्या हातून प्रियकराची तसबीर पडते, ती त्या बायकोला सापडते. ती निरखत असताना नवरा पाहतो, आणि तोही पेटतो. मग जो तो पुरावे गोळा करीत सुटतो, आणि प्रत्येक पुरावा खरा असून प्रत्येक निष्कर्ष खोटा ठरतो!

पण एक फरक पाहा. मोलिएरचे नाटक उघडते तेच मुळी बाप मुलीला दटावत असताना. तिचे मन एकावर आहे आणि बापाला दुसरा पैसेवाला जावई हवा आहे. देवलांनी घोटाळा उचलला, तसबीर उचलली, हा बाप मात्र टाकला आणि नायिकेला कलावंतिणीची मुलगी केले. घरात आई मघानक्षत्र आहे, बाप नाही. का केले असावे? माझे उत्तर असे. फ्रेंच नाटकातली लग्नाची उपवर मुलगी १८९३ च्या पुण्यात आणली, तर घरंदाज घरात ती आठ-दहा वर्षांची निघेल. तिच्याजवळ प्रियकराची तसबीर कोठून येणार? दोनच वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, सरकारने संमतिवय दहाचे बारा केले, तेवढ्यावरूनही केवढे रान पेटले होते! विधवा नायिका करावी तर नाटक हसण्याचे राहत नाही. मग वयात आलेली, शिकलेली, चारचौघांत वावरणारी आणि स्वतःच्या मनाने माणूस पारखणारी अविवाहित तरुणी कोठे सापडावी? कलावंतिणीच्या घरी.

आणि ही रेवती मागते काय? लग्न. अश्विनशेठने आपल्याला एकनिष्ठेने आपली म्हणावे, एवढेच तिचे मागणे. गरतीला लग्न मिळे, निवड मिळत नसे. हिला निवड होती, लग्न मिळण्याची खात्री नव्हती. अश्विनशेठला तिचा संशय इतक्या चटकन येतो, त्यात तिच्या कुळाचा वाटा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. नातीने विचारलेला बाप नाटकात का नाही, ते आता कळले. बाप असता तर रेवतीचे लग्न केव्हाच लागून गेले असते आणि नाटक झालेच नसते.

हा माझा नुसता तर्क नाही. याला साक्ष खुद्द देवलांचीच. १८९९ साली त्यांनी घरंदाज घरातली मुलगी नायिका केली. ती 'शारदा'. पैशाच्या लोभाने बाप तिला म्हाताऱ्या भुजंगनाथाला देतो. भुजंगनाथाच्या थाटामाटाला आपण पोटभर हसतो, पण शारदेला हसू येत नाही. तिचे लग्न मोडते तेही तिच्या 'नको'ने मोडत नाही. वधूवरांचे गोत्र एक निघाले म्हणून मोडते. तिच्या अश्रूंनी जे झाले नाही ते गोत्राने केले. आणि त्यानंतर ती जीव द्यावयास निघते. तोच नाटककार, तीच लेखणी, पण मुलगी घरंदाज घरात आली आणि नाटक नदीच्या काठावर गेले.

संशयकल्लोळातल्या दुसऱ्या जोडप्याकडेही याच नजरेने पाहावे. फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर सारखाच संशय घेतात, दोघेही सारखेच फजीत होतात. विनोदाने त्यांना एका पायरीवर बसवले आहे, हे देवलांचे मोठेपण. जगात मात्र ती पायरी एक नव्हती. फाल्गुनरावांचा संशय पक्का झाला असता तर कृत्तिकेचे घर सुटले असते. कृत्तिकेचा पक्का झाला असता तर फाल्गुनरावांची फार तर जेवणाची वेळ चुकली असती.

पुढे काळ बदलला. ज्या १९१६ मध्ये रेवती गाऊ लागली, त्याच वर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा झाले. तो सारडा कायदा हरबिलास सारडांच्या नावाचा. 'शारदा' नाटकाशी त्याचा संबंध नाही, नाव जुळले हा योगायोग. आता वीस वर्षांची अविवाहित मुलगी घरोघर दिसू लागली आणि नाटककारांना पुराणात किंवा कलावंतिणीकडे जाण्याचे कारण उरले नाही. अत्र्यांचे 'लग्नाची बेडी' १९३६ चे. सिनेमानटी रश्मीभोवती विवाहित पुरुष पिंगा घालतात आणि नाटकगृह डोक्यावर घेतले जाते. पण बेडीचा विनोद ऐकताना हेही आठवावे, की त्या साली पुरुषाला दुसरे लग्न मोकळे होते आणि हिंदू स्त्रीला मुंबई इलाख्यात घटस्फोट नव्हता. बेडी दोघांच्या पायांत, पण किल्ली एकाजवळ. द्विभार्याबंदी इलाख्यात आली १९४६ मध्ये, घटस्फोट १९४७ मध्ये, आणि सबंध देशापुरता हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये.

तेव्हा ही नाटके पाहावीत का? मी तर म्हणेन, जरूर पाहावीत आणि मोकळेपणी हसावे. त्यातले अर्धे हसू माणसाच्या कायमच्या खोडींचे आहे. संशय, बढाई, भोळेपणा यांचे वय होत नाही. राहिलेले अर्धे त्या काळच्या लग्नाचे आहे. तेथे हसू येता येता थबकले, तर रसभंग झाला असे मानू नये. आपल्या पणज्या जेथे गप्प बसल्या होत्या ती जागा तेथे आहे. खटकते म्हणून ती जागा प्रयोगातून कापूही नये. रेवतीला आज बाप चिकटवून दिला, तर नाटक सोज्वळ होईल आणि तिची तगमग कोणालाच कळणार नाही.

नातीला मी हे सगळे नंतर घरी सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आजोबा, मागच्या रांगेत बसून हसणाऱ्या बायकांना हे ठाऊक असणार." त्या काळच्या बायकांचे तसे हसू कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही. पण असणार, असे मलाही वाटते.