खैराच्या जंगलावर उभं राहिलेलं बंदर

मंडळी, बोदलकशाच्या तलावाकाठी बसून आज आपण मुंबई बंदराची गोष्ट करणार आहोत. इथून समुद्र शेकडो कोस दूर. पण एक धागा आहे. 1870च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली गाडल्या गेलेल्या झाडांची शेकडो खोडं निघाली. झाड कोणतं? खैर! आपल्या रानात दिसतो, तोच.

मुंबई म्हणजे मुळात सात बेटं. मोठी जहाजं खोल पाण्यात नांगर टाकत, आणि माल पडावांतून धक्क्यावर येई. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि मुंबईत पैसा आला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, 1869 साली सुवेझ कालवा खुला झाला. माल वाढला, जहाजं वाढली, धक्के अपुरे पडले.

पण किनाऱ्याचा मोक्याचा भाग होता एल्फिन्स्टन कंपनीच्या, म्हणजे एका खाजगी कंपनीच्या हातात. बेटाचं दारच एका मालकाकडे! म्हणून 1870 साली सरकारनं ती मालमत्ता विकत घेतली आणि 1873 साली पोर्ट ट्रस्ट आला. बंदराची आखणी आता एका सार्वजनिक संस्थेकडे आली.

1880 साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला. डॉक म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. तलावाचं गेट बंद केलं की पाणी थांबतं, तसंच हे. भरतीला गेट उघडून जहाज आत घ्यायचं, मग गेट लावायचं. बाहेर ओहोटी लागली तरी आत जहाज तरंगतंच. पुढे 1888 साली व्हिक्टोरिया आणि 1914 साली अलेक्झांड्रा डॉक झाला.

आता खरा प्रश्न. हे सगळं कुणासाठी? व्यापाऱ्यांची सोय झाली, हमालांना काम मिळालं, हे नाकारता येत नाही. पण भराव पडत गेला तसा मांडवीच्या कोळ्यांपासून समुद्रच लांब गेला. बेटावर सगळ्यांत आधी राहणारी माणसं आखणीच्या टेबलावर नव्हती. गंमत बघा, 1875 साली व्यापारी मालासाठी बांधलेला ससून डॉक आज मासळीसाठी ओळखला जातो.

म्हणून आम्हाला वाटतं, बंदर असो की तलाव, आराखडा वाचताना किती पाणी थांबेल हे तर बघावंच, पण गेटाची चावी कुणाकडे आणि काठावरच्या ढिवराला, कोळ्याला कुणी विचारलं का, हेही बघावं. यावर आता तुमचं ऐकू या.