घरगुती जनित्र : निवड आणि सुरक्षित वापर

मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात गोव्यात ठिकठिकाणी झाडे आणि विजेचे खांब उन्मळून पडले आणि अनेक घरे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा प्रसंगी जनित्र उपयोगी ठरते. मात्र ते विकत घेण्यापूर्वी ते कोठे ठेवणार, हे ठरवायला हवे.

क्षमता : मोटर असलेली उपकरणे सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढतात. १ अश्वशक्तीचा विहिरीवरील पंप चालू असताना सुमारे १,००० वॅट घेतो; सुरू होताना ही मागणी ३,००० वॅटपर्यंत जाऊ शकते. जनित्राची क्षमता केव्हीएमध्ये दिलेली असते. तिला साधारणतः ०.८ ने गुणल्यास किलोवॅट मिळतात. दिवे, पंखे आणि फ्रिज यांना बहुधा २ केव्हीए पुरते; पंपही चालवायचा असल्यास ५ केव्हीएचा विचार करावा.

जागा : इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. म्हणून जनित्र घरात, पडवीत वा गॅरेजमध्ये कधीही चालवू नये. खिडक्या उघडल्या तरी धोका टळत नाही. घरापासून किमान ६ मीटर दूर, धुराचे तोंड दारे-खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला ठेवावे. पावसापासून बचावासाठी बाजूंनी मोकळे छप्पर असावे. डोकेदुखी, चक्कर वा मळमळ जाणवताच सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि १०८ क्रमांकावर संपर्क साधावा.

जोडणी : जनित्राची वायर भिंतीवरील प्लगमध्ये खुपसून घराला वीज देणे जीवघेणे आहे. ही वीज उलट दिशेने रोहित्रात जाऊन ११,००० व्होल्टपर्यंत चढू शकते आणि बंद वाहिनी समजून खांबावर चढलेल्या लाइनमनचा बळी घेऊ शकते. परवानाधारक तंत्रज्ञाकडून फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच आणि योग्य अर्थिंग करून घ्यावे.

इंधन : जनित्र बंद करून थंड झाल्यावरच इंधन भरावे. पेट्रोलचा साठा स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. महिन्यातून एकदा भारासह थोडा वेळ जनित्र चालवून पाहावे. वादळाच्या रात्री पहिल्यांदा दोरी ओढण्याची वेळ येऊ नये.