अर्धवट मोटारीची किंमत

१/४ नाशिकच्या एखाद्या गॅरेजात जीर्णोद्धार अर्धवट राहिलेली जुनी अमेरिकी मोटार विक्रीस निघाली, तर ती बहुधा शेवरोले वा डॉज असते. मस्टँगसारखी मसल कार क्वचितच. यामागे इतिहास आहे.

२/४ १९२८पासून जनरल मोटर्स मुंबईत सुटे भाग जोडून शेवरोले उभारत असे. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या.

३/४ स्वतंत्र भारताने सुटे भाग देशातच घडवण्याचा आग्रह धरला. १९५४मध्ये जनरल मोटर्सने जोडणी थांबवली. १९६४मध्ये मस्टँग अवतरली, तेव्हा आयातीची दारे जवळपास मिटली होती.

४/४ २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. मात्र चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणून अपुऱ्या गाडीसोबत उतरवलेले मूळ इंजिन आणि नोंदणीपुस्तक आले नाही, तर ग्राहकाच्या हाती केवळ पत्रा उरतो.