वनस्पतिजन्य प्लास्टिक : उगम आणि पुनर्चक्रीकरण यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्लास्टिक हे खनिज तेलाचे अपत्य होय, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचा आरंभ वनस्पतींपासून झाला. मात्र 'प्लास्टिक कशापासून बनवावे' आणि 'वापरानंतर त्याचे काय करावे' हे प्रश्न भिन्न असून, दीर्घकाळ केवळ पहिल्याचाच विचार झाला, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभीचा टप्पा :
१८६२ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात अलेक्झांडर पार्क्स यांनी 'पार्केसाइन' मांडले. १८७० मध्ये अमेरिकेत जॉन हयात यांनी सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. दोहोंचा आधार वनस्पतीतील सेल्युलोज हाच होता. हयात यांचा शोध हस्तिदंताला पर्याय मिळविण्यासाठी होता. टाकाऊ वस्तूचा प्रश्न तेव्हा उद्भवलाच नव्हता. पुढे विसाव्या शतकात स्वस्त खनिज तेलाने वनस्पतिजन्य द्रव्यांना मागे सारले.

पुनरागमन :
लॅक्टिक आम्लापासून बहुवारिक बनविण्याचे प्रयोग ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी केले व ते १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र २००२ मध्ये अमेरिकेतील ब्लेअर (नेब्रास्का) येथे सुरू झाले. प्रकल्पाची क्षमता वार्षिक सुमारे १,४०,००० टन होती. मक्यातील शर्करेचे किण्वन करून लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड व अखेरीस पॉलीलॅक्टिक आम्ल असा हा क्रम आहे. या साखळीतील एस्टर बंध पाण्याच्या साहाय्याने तोडून मूळ आम्ल परत मिळविता येते. परंतु त्यासाठी हे प्लास्टिक स्वतंत्रपणे गोळा व्हावे लागते. पेटच्या बाटल्यांत ते मिसळल्यास त्या मालाची प्रत बिघडते. साध्या मातीतही त्याचे विघटन अत्यंत मंद होते.

याउलट ब्राझीलमधील ब्रास्केम कंपनीने २०१० मध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिलीनचे उत्पादन सुरू केले. रासायनिकदृष्ट्या ते तेलजन्य पॉलिथिलीनच असल्याने प्रचलित पुनर्चक्रीकरणात सामावते. परंतु उघड्यावर टाकल्यास तेवढेच चिवटही ठरते.

निष्कर्ष :
२०२४ मध्ये जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीच्या जैवबहुवारिक प्रात्यक्षिक प्रकल्पाचे उद्घाटन झाले. ऊस उत्पादक महाराष्ट्राच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. तथापि कच्चा माल शेतातून आला म्हणजे कचऱ्याचा प्रश्न सुटला, असे वरील इतिहास सांगत नाही. वर्गीकरण आणि संकलन यांची व्यवस्था कारखान्यासोबतच उभी राहिली, तरच वनस्पतिजन्य प्लास्टिक खऱ्या अर्थाने चक्रीय ठरेल.