बरा झालेला क्षय पुन्हा का होतो?

गावात एखादीला दुसऱ्यांदा टीबी झाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हिनंच गोळ्या टाकल्या असणार." मग सासरी बोलणी, नाहीतर माहेरची वाट. हे खरं असतं का? आज आपण त्यासाठी मुंबईतल्या वरळीला जाऊ.

वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधल्या, म्हणून हे नाव. एकूण १२१ चाळी, प्रत्येकीला तळमजला आणि वर तीन मजले. खोली १६० चौरस फुटांची, मध्ये लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं. कोकणातून, साताऱ्याकडून गिरणीत आलेली माणसं गिरणगावच्या अशा खोल्यांत दाटीनं राहिली. दिवसपाळीवाला कामावर गेला की रातपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. बाई त्याच खोलीत चूल पेटवून खाणावळ्यांचं जेवण रांधायची. एक खोकला की ती हवा सगळ्यांच्या छातीत. दुखणं वाढलं की माणसाला गावी धाडायचे. आपल्या गावांत क्षय कितीदा असाच एसटीनं, बोटीनं आला.

तेव्हा औषधच नव्हतं. कॉक यांनी १८८२ साली जंतू शोधला, पण स्ट्रेप्टोमायसिन मिळायला १९४३ उजाडलं. ब्रिटनमध्ये ते देऊन पाहिलं. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ जणांपैकी ४ दगावले, नुसती विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. सगळे हरखले. पण पाच वर्षांनी मोजलं, तर पहिल्या गटातले ३२ आणि दुसऱ्यातले ३५ गेलेले होते! एकट्या औषधाला जंतू सरावले होते. म्हणून आज तीन-चार औषधं एकत्र देतात, आणि बरं वाटलं तरी सहा महिने पुरे करायला सांगतात.

मग १९५६ साली मद्रासला प्रयोग सुरू झाला. काही गरीब रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीच्या घरात औषध दिलं. पाच वर्षं पाहिलं, तर रोग उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच. गरिबाच्या घरातही क्षय बरा होतो, हे आपल्या देशानं जगाला दाखवलं.

तरी काहींना पुन्हा होतोच. दक्षिण आफ्रिकेत केप टाउनजवळ बरे होऊन पुन्हा आजारी पडलेल्या १६ जणांचे जुने-नवे जंतू ताडून पाहिले. १९९९ साली निकाल छापला गेला: १२ जणांचा जंतू वेगळाच निघाला. जुना रोग उलटला नव्हता, नवा शिरला होता. ती वस्तीही दाटीची, क्षय फार असलेली. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, क्षयाचं तसं नाही. कधी जुना जंतू छातीत दबून राहतो आणि मधुमेह, तंबाखू, उपासमार यांनी जागा होतो; कधी शेजारच्या खोकल्यातून नवा येतो. सगळ्या गोळ्या नेमानं घेतलेल्या बाईलाही तो गाठू शकतो.

गोळ्या संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी करायची, असा सरकारी कार्यक्रमाचा नियम आहे, कारण रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच. पुन्हा क्षय निघाला तर कोणतं औषध लागू पडेल हे मशीनवरच्या तपासणीतून कळतं. जुनी पाकिटं काढून घेऊ नयेत. पोषणासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पण ते उपचार चालू असेपर्यंतच. गोळी संपली की पैसे संपतात, बाईची भूक काही संपत नाही. हे आम्हाला पटत नाही.

आमच्या गटाच्या वहीत आता हप्त्यांच्या मागच्या पानावर शेवटच्या गोळीची तारीख लिहितो, आणि तिच्याखाली पुढच्या चार तारखा.