इंटेल की एएमडी? घरचा कॉम्प्युटर घेण्याआधी एवढं वाचा

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात कॉम्प्युटरचा विषय निघतो. मोठीला बी.कॉम.साठी टॅली शिकायचं असतं, मधल्याला कोडिंग आणि धाकट्याला गेम. अब्बा म्हणतात, पंचवीस-तीस हजारांत काय ते बसवा. मग आखातातून मामूंचा फोन येतो, "इंटेलच घ्या, बाकी काही बघू नका." शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा सांगतो, "एएमडी घ्या, त्याच पैशात जास्त मिळतं." दोघेही खात्रीने बोलतात आणि घरचे गोंधळून जातात.

तळेरेसारख्या ठिकाणी हा गोंधळ महागात पडतो. मुंबई-गोवा महामार्गावरचा हा तिठा. इथून एक रस्ता वैभववाडीवरून करूळ घाट चढून कोल्हापूरला जातो, दुसरा विजयदुर्गाकडे. चहा-नाश्ता, किराणा, मोबाइल रिचार्ज इथे होतं. पण कॉम्प्युटरचे सुटे भाग निवडून घ्यायचे तर कणकवली गाठा, नाहीतर कोल्हापूर, नाहीतर ऑनलाइन मागवा. चुकीचा भाग आला तर तो बदलण्यात एक दिवस मोडतो आणि गाडीभाडं वेगळं. म्हणून निवड घरी बसूनच नीट करायला हवी.

थोडक्यात सांगायचं तर कंपनीचं नाव ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर, मग त्याची पिढी आणि मग पूर्ण मशीनची बेरीज बघायची.

कंपन्या दोन, भाषा एक

इंटेल १९६८ साली अमेरिकेत सुरू झाली, एएमडी १९६९ साली. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला पीसी बाजारात आणला तेव्हा त्यात इंटेलचा प्रोसेसर होता. पण एकाच कंपनीवर अवलंबून राहायला आयबीएम तयार नव्हती. त्यामुळे १९८२ मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात करार झाला आणि त्याच जातीचे प्रोसेसर एएमडीही बनवू लागली. पुढे दोघींमध्ये कोर्टकचेऱ्या खूप झाल्या, तरी प्रोसेसरची भाषा एकच राहिली. आज आपण वापरतो ती ६४ बिटची पद्धत २००३ मध्ये आधी एएमडीने आणली आणि इंटेलने ती नंतर स्वीकारली.

या स्पर्धेत महाराष्ट्राचंही एक नाव आहे. १९५० साली पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांना 'पेंटियमचे जनक' म्हणतात. १९९३ साली आलेला इंटेलचा पेंटियम त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिथल्या कामातून १९९७ मध्ये एएमडीचा के-६ आला. तो पेंटियमच्याच स्पर्धेत उतरला होता. एकच माणूस दोन्ही बाजूंनी काम करू शकला, यावरून या दोन कंपन्यांचं तंत्र किती जवळचं आहे ते कळतं.

घरच्यांसाठी याचा अर्थ सोपा आहे. एमएस-सीआयटीचा अभ्यास, टॅली, वर्ड, एक्सेल, जीसीसी-टीबीसीच्या टायपिंग परीक्षेचा सराव, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओ कॉल, मराठी टायपिंग, इनपेजमधलं उर्दू नस्तालीक हे सगळं दोन्हीवर सारखंच चालतं. "एएमडीवर अमुक सॉफ्टवेअर चालत नाही" असं या कामांबद्दल कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. "एएमडी गरम होतो" ही तक्रारही जुनी आहे. २०१७ मध्ये रायझन मालिका आल्यापासून ती बजेटच्या प्रोसेसरला लागू राहिलेली नाही.

शेवटचं अक्षर आधी वाचा

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. स्क्रीनवर चित्र दिसायला ग्राफिक्स लागतं. ते प्रोसेसरच्या आतच असेल तर वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही. नसेल तर मशीन सुरू होतं, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच राहते. मग कार्डासाठी पुन्हा काही हजार काढा.

इंटेलच्या नावाच्या शेवटी इंग्रजी 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही. कोअर आय-३ १२१०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२१००एफ मध्ये नाही. एका अक्षराचा फरक आहे, आणि एफवाला थोडा स्वस्त असतो म्हणून ऑनलाइन यादीत तोच वर दिसतो.

एएमडीच्या एएम-४ जातीत याच्या उलट आहे. आकड्यापुढच्या अक्षरांत 'जी' असेल तरच ग्राफिक्स आहे. रायझन ५ ५६००जी चालेल. रायझन ५ ५६००, ५५०० किंवा रायझन ३ ४१०० घेतला तर कार्ड घ्यावंच लागेल. म्हणजे इंटेलमध्ये एफ नको आणि एएमडीच्या एएम-४ मध्ये जी हवा. एवढं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.

मग पिढी बघा

"आय-५ आहे, घ्या बिनधास्त" असं म्हणत जुनी मशीनं विकली जातात. पण आय-५ हे फक्त घराण्याचं नाव झालं. वय पुढच्या आकड्यात असतं. २४०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. ८५०० म्हणजे आठवी, २०१८ ची. १२१०० म्हणजे बारावी, २०२२ ची. बारावीतला आय-३ हा दुसरीतल्या आय-५ पेक्षा कितीतरी वेगवान आहे.

आता पिढीला आणखी एक कारण जोडलं गेलं आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी त्यावर बँकेची कामं आणि मुलांचे फॉर्म भरणं धोक्याचं. एएमडीत जुना प्रोसेसर घेत असाल तर तो मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत आहे का, हे आधी तपासा.

लॅपटॉप घेतानाही हीच सावधगिरी ठेवा. एएमडीच्या रायझन ३ ७३२०यू चा आकडा सात हजारांचा आहे, पण आतला गाभा २०१९ सालच्या झेन-२ रचनेचा आहे. त्या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो. मोठा आकडा बघून जास्त पैसे देऊ नका.

नव्या मशीनसाठी दोन मुख्य पर्याय

इंटेल कोअर आय-३ १२१००: चार कोअर, आठ थ्रेड. एका वेळी एकच काम करताना, म्हणजे ब्राउझर उघडताना, एक्सेलमध्ये हिशेब करताना, हा चपळ आहे. सोबत एच६१० बोर्ड बसतो आणि तो स्वस्त गटातला आहे. हा बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत येतो. रॅम त्याच प्रकारची घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

एएमडी रायझन ५ ५६००जी: सहा कोअर, बारा थ्रेड, २०२१ चा. एकाच वेळी बरीच कामं चालू ठेवायची असतील, व्हिडिओ एडिट करायचा असेल तर हा पुढे. याचं आतलं ग्राफिक्स आय-३ च्या ग्राफिक्सपेक्षा बरंच ताकदवान आहे. धाकट्याचे हलके गेम कार्डाशिवाय चालतील. बोर्ड ए५२० किंवा बी५५० घ्या. जुना बी४५० मिळत असेल तर त्याचं बायोस अपडेट झालेलं आहे का, ते विचारून घ्या.

दोघांची वीज जवळपास सारखीच. एकाचा आधारभूत आकडा ६० वॅट, दुसऱ्याचा ६५. लाइट बिलात फरक जाणवणार नाही.

मग निवडायचं कसं? फक्त अभ्यास, ऑफिसचं काम आणि इंटरनेट असेल तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांची बेरीज ज्याची कमी, तो घ्या. नुसत्या प्रोसेसरची किंमत बघू नका. एकाचा प्रोसेसर स्वस्त आणि बोर्ड महाग, असं नेहमी होतं. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग असेल आणि कार्ड घ्यायचं नसेल तर ५६००जी.

बजेट पंधरा-वीस हजारांच्या आत असेल तर दोन वाटा आहेत. एक, ऑफिसमधून निघालेलं, तपासून विकलेलं आठव्या पिढीचं किंवा पुढचं मशीन. दुसरी, इंटेल एन१०० चा मिनी पीसी. त्याचा प्रोसेसर फक्त ६ वॅटच्या गटातला आहे. लिहिणं-वाचणं, व्हिडिओ बघणं, फॉर्म भरणं एवढ्याला तो पुरतो. जड गेम किंवा एडिटिंगची अपेक्षा त्याच्याकडून करू नका.

पैसा कुठे वाचवू नये

महाग प्रोसेसर घेऊन त्याला जुनी हार्ड डिस्क लावली तर मशीन रडतच चालतं. एसएसडी हवीच. २५६ जीबी चालेल, ५१२ असेल तर उत्तम. रॅम किमान ८ जीबी, जमलं तर १६. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, म्हणून १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. रायझनच्या ग्राफिक्सला त्याचा जास्त फायदा होतो. आज एकच ८ ची पट्टी परवडत असेल तर दुसरीसाठी खाच रिकामी राहील असा बोर्ड घ्या. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत, त्यामुळे खरेदीच्या दिवशीचाच भाव विचारा.

पावर सप्लाय आणि यूपीएस या दोन गोष्टी आपल्याकडे विसरल्या जातात. कोकणात पावसाळा लागला की लाइट जाते-येते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर जिल्ह्यात किती गावं अंधारात होती, ते आपण पाहिलं आहे. अचानक लाइट गेली तर एसएसडीवरचं काम जातं, कधी विंडोजही बिघडतं. छोटा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन बंद करायला पुरेसा वेळ देतो. घरात अर्थिंग नीट आहे का, तेही वायरमनकडून एकदा बघून घ्या. समुद्राकाठच्या घरात खारी हवा आणि दमट भिंती असतात, तिथे कॅबिनेट जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवू नका.

हप्त्यावर घ्यायचं का?

व्याज नको म्हणून आपल्यातली बरीच घरं रोख खरेदी करतात. 'नो कॉस्ट ईएमआय'ची पाटी बघून काहींना वाटतं, हे चालेल. पण बहुतेक वेळा बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट किमतीत दाखवली जाते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटीही लागतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "भाऊ, रोखीत कितीला पडेल?" दोन आकडे समोर आले की सूट कुठे गेली ते दिसतं.

पैसे कमी पडत असतील तर कर्ज काढून मोठा प्रोसेसर घेण्यापेक्षा आज ८ जीबी रॅमवर चालवा. दुसरी पट्टी सहा महिन्यांनी घ्या.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. प्रोसेसरचं पूर्ण नाव काय? शेवटचं अक्षरही बिलावर लिहून द्याल का?
२. बॉक्स पॅक आहे की ट्रे? बॉक्स पॅकला दोन्ही कंपन्यांची तीन वर्षांची वॉरंटी असते आणि या दोन प्रोसेसरच्या डब्यात कूलरही येतो. ट्रे घेतला तर वॉरंटी कोण देणार?
३. बोर्डात रॅमच्या खाचा किती, डीडीआर-४ की डीडीआर-५?
४. विंडोज ओरिजिनल आहे का? असेल तर बिलात दाखवाल का?
५. बिघडलं तर सर्व्हिस कुठे, कणकवलीत की घाटावर?

आखातातून मामू लॅपटॉप आणणार असतील तर त्यांनाही दोन गोष्टी सांगा. वॉरंटी भारतात चालते का ते तिथल्या दुकानात लिहून घ्यावं. आणि दुबईच्या चार्जरला तीन चौकोनी पिनांचा प्लग असतो, त्याला इथे अडॅप्टर लागेल.

मशीन घरी आणण्याआधी दुकानातच सुरू करून बघा. स्क्रीनवर चित्र आलं, प्रोसेसरचं नाव बिलाशी जुळलं, रॅम आणि एसएसडीचे आकडे बरोबर दिसले, की मगच पैसे द्या. जीएसटीचं बिल आणि प्रोसेसरचा रिकामा डबा तीन वर्षं जपून ठेवा. वॉरंटीची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.